प्रयोगशाळेतली गॅसलाइन गळते का? आधी बंद करा, मग बघा

जून उजाडला की सांगली-मिरजेतल्या कॉलेजांच्या रसायनशास्त्राच्या लॅब पुन्हा उघडतात. टेबलांवरची धूळ पुसली जाते, बेसिनचे नळ सोडून बघितले जातात आणि कुणीतरी काडी ओढून एक बर्नर पेटवतं. पेटला की गॅसलाइन ‘ओके’. बर्नर पेटला याचा अर्थ गॅस बर्नरपर्यंत पोचतोय, एवढाच. वाटेत तो आणखी कुठे जातोय का, हे त्या ज्योतीवरून कळत नाही.

मी लॅबमधली उपकरणं बसवण्या-दुरुस्तीचं काम करतो. कॉलेजं, माती परीक्षणाच्या लॅब, द्राक्षातले औषधांचे अंश तपासणाऱ्या लॅब, अशी फिरती असते. सगळीकडे एक सवय सारखी दिसते. गळतीची शंका आली की लोक थेट साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन एकेका जोडावर शिंपडत सुटतात. साबणाचं पाणी उत्तम आहे, पण ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं: गळती कुठे आहे? पहिला प्रश्न वेगळा आहे: गळती आहे का? त्याचं उत्तर मिळवायला लाइन बंद करून, दाब कोंडून, दाबमापकाच्या काट्याकडे बघत बसावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच ते कुणी करत नाही.

त्याआधी एक गोष्ट. लॅबमध्ये शिरताच गॅसचा वास आला तर ही वेळ तपासणीची नाही. दिव्याचं, पंख्याचं, एक्झॉस्टचंही बटण दाबायचं नाही. चालू असेल ते चालू राहू दे, बंद असेल ते बंद, कारण ठिणगी बटण दाबताना उडते. बाहेरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, वाटेत असतील ती दारं-खिडक्या उघडायच्या, मुलांना बाहेर काढायचं आणि फोन बाहेर गेल्यावर लावायचा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, अग्निशमनासाठी १०१. पुढे लिहिलंय ते सगळं वास नसताना, शांत डोक्याने करायच्या तपासणीबद्दल आहे.

नाकावर किती विसंबायचं

एलपीजीला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो. आपल्याला येतो तो इथाइल मरकॅप्टनचा, आणि तो मुद्दाम मिसळलेला असतो. ही पद्धत रूढ होण्यामागे एक भयंकर घटना आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावातल्या शाळेच्या तळघरात वास नसलेला नैसर्गिक वायू साठला आणि स्फोट झाला. जवळजवळ तीनशे जण गेले, त्यात बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसला वास देणं सक्तीचं होत गेलं.

वास किती घालायचा याचं गणित असं आहे. हवेत एलपीजी साधारण २ टक्क्यांपासून ९ टक्क्यांपर्यंत असेल तर ते मिश्रण पेट घेतं. या खालच्या मर्यादेच्या एक पंचमांश गॅस असतानाच, म्हणजे ०.४ टक्क्यालाच, नाकाला कळावं इतका वास घातलेला असतो. व्यवस्था चांगली आहे. पण नाक थकतं. त्याच वासात दहा-पंधरा मिनिटं काम केलं की तो येईनासा होतो. म्हणून दिवसभर लॅबमध्ये असणाऱ्या मामांना जो वास येत नाही, तो बाहेरून आलेल्या माणसाला दारातच येतो. सर्दी असली तर बोलायलाच नको. आणि एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते. आपलं नाक पाच फुटांवर असतं.

उपकरणांच्या खोलीत तर नाकाचा काही उपयोग नाही. हायड्रोजन, नायट्रोजन, हेलियम, आर्गॉन यांना ना वास ना रंग. हायड्रोजनची ज्योतसुद्धा दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. गळणारा हायड्रोजन पेटलेला असेल आणि तुम्ही हात घालाल तेव्हाच कळेल, अशी गत.

काटा काय सांगतो

आता मुख्य कामाकडे. उदाहरणाला गॅस क्रोमॅटोग्राफची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची, नायट्रोजनची लाइन घेऊ. बाहेर पिंजऱ्यात सिलिंडर, त्यावर रेग्युलेटर, तिथून पाव इंची स्टीलची नळी भिंतीवरून आत, आणि शेवटी उपकरण.

रेग्युलेटरला दोन काटे असतात. सिलिंडरकडचा आत किती दाब आहे ते दाखवतो. भरलेल्या सिलिंडरला तो १५० बारच्या (बार हे दाब मोजायचं एकक) आसपास असतो. दुसरा लाइनमधला दाब दाखवतो, समजा ४ बार. बहुतेक लोक पहिल्या काट्यावर नजर ठेवतात. “काल १२० होता, आज पण १२० आहे, म्हणजे गळत नाही.” हिशोब करून बघू. मोठ्या सिलिंडरमध्ये पाणी भरलं तर साधारण ४७ लिटर मावतं. त्याचा दाब ५ बारने उतरायला ४७ गुणिले ५, म्हणजे २३५ लिटर गॅस बाहेर जावा लागतो. आणि त्या काट्यावरच्या बारीक रेघाच ५ किंवा १० बारच्या अंतराने असतात. म्हणजे दोनशे लिटर गॅस उडून गेला तरी काटा रेघेवरून हलल्यासारखा वाटणार नाही.

आता सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि रेग्युलेटरची मूठ सैल करा, म्हणजे त्याच्या पोटात अडकलेला गॅस लाइनमध्ये येत राहणार नाही. उपकरणाच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्हही बंद करा. मधली नळी तेवढी दाबाखाली कोंडली गेली. पाव इंची नळीचं आतलं भोक साधारण साडेचार मिलिमीटर असतं. वीस मीटर नळीत जेमतेम ३२० मिलिलिटर जागा असते. या एवढ्याशा जागेतला दाब ०.१ बारने उतरायला फक्त ३२ मिलिलिटर गॅस जावा लागतो, चहाच्या अर्ध्या कपाहून कमी. तीच गळती, तोच जोड. पण सिलिंडर उघडा असताना जी दिसत नव्हती ती बंद केल्यावर तासाभरात काट्यावर दिसते. सगळी युक्ती या बंद करण्यात आहे. जितकी छोटी जागा कोंडाल तितकी तपासणी धारदार.

म्हणून लाइन लांब असेल तर ती तुकड्यातुकड्यांत कोंडावी. आधी अख्खी. उतरला दाब, तर मधला व्हॉल्व्ह बंद करून अर्धी. अर्ध्यात टिकला तर दोष उरलेल्या अर्ध्यात. पन्नास जोडांपैकी गळका कोणता, हे शोधायला पन्नास ठिकाणी फेस लावावा लागत नाही. मधले व्हॉल्व्ह बसवायचा खर्च वाचवलेल्या लॅबमध्ये मात्र लावावा लागतो, आणि त्या वेळी सगळ्यांना त्या खर्चाची आठवण येते.

उन्हाळ्यातला काटा खोटं बोलतो

इथे एक गोम आहे, आणि सांगलीसारख्या गावात ती मोठी आहे. कोंडलेल्या वायूचा दाब तापमानाबरोबर चढतो-उतरतो. खोलीच्या तापमानाला दर अंशामागे एकूण दाबाचा साधारण तीनशेवा भाग. एकूण म्हणजे काट्यावरचा दाब अधिक बाहेरच्या हवेचा. काटा ४ बार दाखवत असेल तर एकूण ५ धरायचे.

मार्च महिन्यात सकाळी सातला २४ अंश असताना तुम्ही लाइन कोंडली आणि दुपारी एकला ३६ अंश असताना पाहिलीत. बारा अंशांचा फरक, म्हणजे दाब चार टक्क्यांनी वाढायला हवा. पाचाचे चार टक्के म्हणजे ०.२ बार. लाइन धड असेल तर काटा ४.२ वर दिसला पाहिजे. आणि काटा ४.० वरच असेल? आपण खूश होतो, “बघा, जागचा हलला नाही.” खरं तर ०.२ बारएवढा गॅस गळून गेलेला असतो. उन्हाने तेवढा दाब भरून दिला आणि गळती झाकली. संध्याकाळी लावून सकाळी बघणाऱ्यांचं उलटं होतं: लाइन धडधाकट, पण गारव्याने काटा उतरलेला, आणि उगाच सगळे जोड आवळायला घेतलेले.

उपाय सोपा आहे. काट्याशेजारी साधा थर्मामीटर टांगायचा आणि दोन्ही वाचनं एकदम लिहायची. नाहीतर सुरुवात आणि शेवट सारख्याच तापमानाला करायचा: आज सकाळी सात, उद्या सकाळी सात. पत्र्याच्या शेडमधून किंवा पश्चिमेच्या भिंतीवरून जाणारी नळी असेल तर दुपारची तपासणी करूच नये.

दाब भरल्याबरोबर घड्याळ लावायचीही घाई नको. भरताना वायू जरा तापतो आणि मग निवतो, त्याने सुरुवातीला काटा थोडा उतरतो. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, मग पहिलं वाचन घ्या.

दाब किती भरायचा? रोजच्या वापराचा असतो तेवढाच. ‘टेस्टिंग आहे, जरा जास्त भरू’ हा शहाणपणा नको. दाबलेल्या वायूत स्प्रिंगसारखी ताकद साठलेली असते. जोड सुटला तर नळी चाबकासारखी फिरते. वापरापेक्षा जास्त दाबाची चाचणी हे लाइन टाकणाऱ्या प्रशिक्षित माणसाचं काम, तेही खोली रिकामी करून. आणि हायड्रोजनची किंवा ॲसिटिलीनची लाइन नवी असेल, दुरुस्त केलेली असेल, तर ती आधी नायट्रोजनवर तपासायची. नायट्रोजनवर टिकली की मग खरा वायू सोडायचा.

बर्नरच्या लाइनला पाण्याची नळी

कॉलेजच्या बर्नरच्या लाइनमध्ये दाब फारच कमी असतो. घरगुती गॅसच्या रेग्युलेटरमधून बाहेर येतो तो साधारण ३० मिलिबार, आणि लॅबच्या बर्नरची लाइनही याच घरातली. बारमध्ये मोजणाऱ्या काट्याला हा दाब दिसणारच नाही. पण ३० मिलिबार म्हणजे पाण्याचा सुमारे ३० सेंटिमीटरचा स्तंभ, आणि तो मोजायला काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची यू आकाराची नळी आणि फूटपट्टी पुरते. ती लाकडी फळीवर बांधायची, अर्धी पाण्याने भरायची, पाण्यात थोडा रंग टाकायचा म्हणजे पातळी नीट दिसते. नळीचे दोन्ही हात अर्धा-अर्धा मीटर उंच ठेवा, नाहीतर पाणी तोंडावर उडेल.

एक टोक एखाद्या टेबलाच्या गॅसकॉकला रबरी नळीने जोडायचं, दुसरं उघडं. बाकी सगळे कॉक बंद. मेन कॉक उघडला की एका हातातलं पाणी खाली जातं, दुसऱ्यातलं वर चढतं. दोन पातळ्यांमधलं अंतर म्हणजे दाब. आता मेन कॉक बंद करून पातळीकडे बघत राहायचं.

पण त्याआधी, मेन कॉक बंद ठेवूनच, दोन-तीन मिनिटांचं एक काम करावं. एखादा कॉक किंचित उघडून दाब दहा सेंटिमीटरवर आणायचा, कॉक बंद करायचा आणि दोन मिनिटं बघायचं. पातळी आपोआप वर चढायला लागली तर तुमचा मेन कॉक स्वतःच बंद होत नाही. त्यातून गॅस झिरपतोय. असा कॉक असेल तर पुढची तपासणी फुकट, कारण लाइनमधून जितका गॅस गळेल तितका मागून भरला जाईल. आधी तो कॉक बदलायचा.

तापमानाची खोड इथे फारच नडते. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब सुमारे ९५० मिलिबार. त्यात लाइनचे ३० मिळवले की ९८०. एका अंशाला याचा तीनशेवा भाग म्हणजे तीन मिलिबारच्या वर, पाण्याचे तीन सेंटिमीटर! खिडकीतून नळीवर ऊन आलं तरी पातळी सरकते. म्हणून ही तपासणी सकाळी, पंखे बंद असताना, आणि पाच-दहा मिनिटांचीच करावी. एवढ्या वेळात पातळी एकाच बाजूला सरकत राहिली तर गळती धरायची.

फेस कसा वाचायचा

आता साबण. भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार थेंब वाटीभर पाण्यात. घट्ट करू नका. घट्ट फेस जोडावर बसून राहतो आणि त्यातच बुडबुडे असल्यामुळे काही कळत नाही. ढवळून फेस काढायचा नाही, पाणी सपाट असावं. स्प्रेपेक्षा मऊ ब्रश बरा, कारण जोडाच्या मागच्या बाजूला पोचतो. अमोनिया असलेलं काचा पुसायचं पाणी वापरू नका, अमोनियाने पितळेला सूक्ष्म चिरा जातात. ब्लीचचं पाणी तर नकोच, ते स्टीलला खातं.

सायकलचं पंक्चर काढणारा ट्यूब घमेल्यात बुडवतो तेव्हा बुडबुड्यांची माळ निघते. आपण तीच अपेक्षा ठेवून जोडाकडे बघतो आणि तिथेच फसतो. मोठी गळती तशी दिसते, किंबहुना खूप मोठी असेल तर साबणाचं पाणीच उडवून लावते आणि एकही बुडबुडा दिसत नाही, फक्त फुस्स असा आवाज. बारीक गळतीला वेळ लागतो. आधी काहीच नाही. मिनिटाभराने नटाच्या कडेला दुधाच्या सायीसारखी पांढरट रेघ जमते. जवळ जाऊन पाहिलं तर मोहरीच्या दाण्याहूनही बारीक बुडबुडे एकमेकांना चिकटलेले. पुसा, पुन्हा लावा. पुन्हा त्याच ठिकाणी रेघ आली तर ती गळती. आली नाही तर आधीची हवा ब्रशने आणलेली होती. हात बसला की एका जोडाला दोन मिनिटं पुरतात, पण ती दोन मिनिटं द्यावी लागतात.

कुठे बघायचं? सरळ नळी क्वचितच गळते. गळतात ती तोंडं. मिरजेकडच्या एका कॉलेजात मी टेबलाखालचं कपाट उघडलं, तर बर्नरची रबरी नळी क्लिपऐवजी तांब्याच्या तारेने आवळलेली. तार रबरात रुतून तिथे पांढरी चीर पडली होती. नळी वाकवली की उघडायची, सरळ केली की मिटायची. फेस लावला तर एकदा येई, एकदा नाही. मामा म्हणाले, “सर, वरून तर एकदम नवी दिसतीया.” रबरी नळी तपासताना ती हाताने वाकवूनच फेस लावायचा, हे तिथल्या सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. नळी बदलली, क्लिपा आल्या.

असं कपाट का महत्त्वाचं, तेही हिशोबाने बघा. एक मीटर वीस लांब, साठ सेंटिमीटर खोल, ऐंशी उंच: साधारण ५७५ लिटर. याचे दोन टक्के म्हणजे साडेअकरा लिटर. तासाला लिटरभर गळणारा जोड, बर्नरच्या मानाने किरकोळ, संध्याकाळी सहाला लॅब बंद केल्यापासून सकाळी सहापर्यंत बारा लिटर गॅस त्यात सोडतो. कपाटाच्या फटीतून काही निघून जाईल, पण जड गॅस तळाशीच साठत असल्यामुळे तळाची हवा आधीच पेटण्याजोगी झालेली असू शकते. अशा कपाटांना तळाशी आणि वर जाळीची भोकं असावीत. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दुसरी जागा म्हणजे व्हॉल्व्हची दांडी. नट-बोल्टांवर फेस लावतात आणि मुठीखालची फिरणारी दांडी विसरतात. तिथलं पॅकिंग झिजतं. सिलिंडरच्या व्हॉल्व्हची दांडी व्हॉल्व्ह उघडा असताना तपासायची, बंद असताना तिथे दाबच नसतो. तिसरी जागा: सिलिंडर आणि रेग्युलेटर यांचा जोड. सिलिंडर बदलला की दर वेळी इथे फेस लावला पाहिजे. यात पळवाट नाही.

एका ठिकाणी मात्र साबण लावू नका, गॅस क्रोमॅटोग्राफच्या कॉलमच्या, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या आतल्या नळीच्या, जोडांना. पाणी-साबण आत शिरला तर आठवडाभर आलेखात त्याचीच शिखरं दिसतील. तिथे हातात धरायचा इलेक्ट्रॉनिक शोधक वापरतात. हेलियम आणि हायड्रोजन हवेपेक्षा उष्णता खूप जास्त वाहून नेतात, यावर तो चालतो.

काडी किंवा लायटर फिरवून गळती शोधणारी माणसं अजून आहेत. “बारीक ज्योत येते फक्त, काय होत नाही.” कधीतरी होतं.

आवळायचं कसं

सापडला जोड, की हात आपोआप पान्याकडे जातो. थांबा. आधी दाब काढा. दाबाखालचा जोड आवळताना नट सटकला तर तो तुमच्या दिशेने येतो. दाब काढून, आवळून, पुन्हा भरून, पुन्हा फेस.

प्रत्येक जोडाला टेफलॉन टेप गुंडाळायची सवयही सोडायला हवी. निमुळत्या आट्यांच्या जोडाला टेप लागते, कारण तिथे आटेच गॅस अडवतात. पण स्टीलच्या नळीला जे फेरूलचे जोड असतात, त्यांत दोन बारीक कडी नळीला चावून बसतात आणि तीच गॅस अडवतात; आटे फक्त आवळायला. तिथे टेप घातली तर नट पुरता बसत नाही. सिलिंडरच्या तोंडाशी धातूवर धातू बसतो, तिथेही टेप नको. पाव इंची फेरूलचा नवा जोड हाताने घट्ट करून मग पान्याने सव्वा फेरा. उघडून पुन्हा लावायचा असेल तर आधीच्याच खुणेपर्यंत नेऊन थोडासा चेपायचा. दर वेळी नव्याने सव्वा फेरा दिला तर कडी चिरडतात आणि मग तो जोड कधीच बंद होत नाही.

पेटणाऱ्या वायूंच्या सिलिंडरचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या उलट्या दिशेने आवळतात. हायड्रोजनचा नट सोडवतोय असं समजून आवळत राहिलेले हुशार विद्यार्थी दर वर्षी भेटतात. अशा नटांच्या कोपऱ्यांवर बहुधा खाच असते, ती बघून घ्यावी.

ज्याच्या त्याच्या खोडी

माती परीक्षणाच्या लॅबमध्ये जस्त, लोह अशी सूक्ष्म अन्नद्रव्यं मोजायच्या यंत्राला ॲसिटिलीन लागतं. या वायूचं तांब्याशी वैर आहे. तांब्यावर कॉपर ॲसिटिलाइड बनतं, आणि ते वाळलं की नुसत्या धक्क्याने फुटतं. त्यामुळे ‘तात्पुरती’ म्हणूनही तांब्याची नळी जोडायची नाही. लाइनमधला दाब एका बारच्या वर न्यायचा नाही. त्यापुढे हा वायू हवेशिवायही फुटू शकतो. हवेत तो अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांच्याही वर पेटतो, म्हणजे जवळपास कुठल्याही प्रमाणात.

ऑक्सिजनच्या लाइनला तेल-ग्रीस वर्ज्य. हात, पाना, फडकं, सगळं कोरडं आणि तेलकटपणाशिवायचं. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ग्रीस आपोआप पेटू शकतं. तपासणीचा द्रवही ऑक्सिजनसाठी चालणारा, खास बनवलेलाच घ्यावा, स्वयंपाकघरातला नको.

आणि नायट्रोजन. पेटत नाही, विषारी नाही, त्यामुळे त्याच्या गळतीकडे ‘जाऊ दे, हवेतच जातोय’ म्हणून बघितलं जातं. तीन मीटर बाय तीन बाय तीनची एसी लावून बंद केलेली खोली म्हणजे २७ घनमीटर. एका भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर नायट्रोजन असतो. तो सगळा खोलीत आला तर २१ टक्के ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर येतो, १९.५ च्या खालची हवा धोक्याची मानतात. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, कारण ती घुसमट आपल्याला कार्बन डायऑक्साइड साठल्याने वाटते आणि इथे तो साठत नाही. नुसतं डोकं हलकं होतं, मग पाय जातात. सिलिंडर खोलीबाहेर ठेवा, हे एवढ्यासाठीच सांगतात.

भिंतीवरचे गॅस अलार्म असतील तर त्यांची जागा बघून घ्या. एलपीजीचा जमिनीपासून फूटभर, हायड्रोजनचा छताजवळ. एलपीजीचा अलार्म छताला लावलेला मी पाहिलाय. दिसायला चांगला होता. शिवाय स्वस्त सेन्सर स्पिरिट-ॲसिटोनच्या वाफेनेही बोंबलतात, मग कुणीतरी वैतागून त्याची पिन काढून ठेवतं.

पूर ओसरल्यावर

सांगलीत राहून पुराबद्दल न लिहिणं शक्य नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या सगळ्या गोष्टींचं जे झालं ते गॅसलाइनचंही होतं. एक तर भरलेली टाकी तरंगते. १४.२ किलो गॅस आणि साधारण साडेपंधरा किलो लोखंड मिळून तीस किलो. टाकीच्या पोटात मावतं तेहतीस लिटर पाणी. म्हणजे पाण्यापेक्षा हलकी. साखळी नसेल तर टाकी उठते आणि रेग्युलेटरसकट लाइन ओढते. पावसाळ्याआधी साखळ्या बघायच्या त्या यासाठी.

पाण्याखाली गेलेला रेग्युलेटर उन्हात वाळवून पुन्हा लावू नका. त्याच्या पडद्यामागे, श्वास घ्यायच्या बारीक भोकात गाळ बसतो आणि मग तो दाब धरत नाही. रेग्युलेटर आणि रबरी नळ्या सरळ बदलायच्या. लोखंडी पाइप वरून धुतला की स्वच्छ दिसतो, पण भिंतीतून आरपार जातो तिथे आणि क्लॅम्पच्या खाली ओल धरून तो महिनोन्महिने गंजत राहतो. पूर ओसरल्यावर केलेली तपासणी पास झाली म्हणून सोडू नका. दिवाळीनंतर आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा दाब कोंडून बघा. त्या क्लॅम्पचे स्क्रू सोडून पाइपची खालची बाजू ब्रशने घासून पाहिली तर बरंच काही कळतं.

नोंदवहीत काय लिहायचं, असं विचारतात. तारीख, वेळ, कोणता तुकडा कोंडला, सुरुवातीचा दाब आणि तापमान, शेवटचा दाब आणि तापमान, कुठल्या जोडावर फेस आला, काय केलं, पुन्हा तपासल्यावर काय आलं. ‘लाइन चेक केली, ओके’ ही नोंद पुढच्या माणसाला काही सांगत नाही. जोडांना रंगाने नंबर टाकून ठेवले तर तीच वही दोन-तीन वर्षांनी दाखवते की सात नंबरचा जोड दर जूनमध्ये सुटतोय, आणि मग तो पुन्हा आवळण्याऐवजी तिथली नळी वळवून ताण काढता येतो.